चार खारे दाणे

"आज तोतया नको," उमाकांत म्हणाला, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. आज नुसतं प्यायचं आणि दाणे टाकायचे. ऊन बघतोयस ना केवढं पडलंय."

उन्हाचा आणि तोतयाचा काय संबंध, ते मला कळेना. मे महिना होता, ऊन पडणारच. सासवडच्या अलीकडे उम्याचं घर, पुढे पत्र्याची पडवी, मागे अंजिराची बाग. दर उन्हाळ्यात एका रविवारी आम्ही चौघं कॉलेजपासूनचे दोस्त तिथे जमायचो. पुण्यात तेव्हा लहान लहान कारखान्यांची ताजी बिअर मिळायला लागली होती. तिच्या दोन-तीन जाती आणायच्या आणि त्यांना गुण द्यायचे, हा आमचा वार्षिक कार्यक्रम. रंग दिसू नये म्हणून पेले स्टीलचे. गुण म्हणजे खारे दाणे. दर फेरीला प्रत्येकाला दहा दाणे, एक वाटी आणि वाटीवर झाकायला एक बशी. बिअर जेवढ्या लायकीची वाटली तेवढे दाणे वाटीत टाकायचे, उरलेले खाऊन टाकायचे. सगळ्यांच्या वाट्या झाकून होईपर्यंत कुणी चकार शब्द काढायचा नाही. आणि अमुक इतकेच दाणे का, हे सगळ्या फेऱ्या संपल्यावर सांगायचं.

तोतया ही यातली खरी गंमत. एका फेरीत कुणीतरी गुपचूप दुकानातली साधी बाटली पेल्यांत ओतून आणायचा. तिला जो भरघोस दाणे देईल, त्याने सगळी भांडी घासायची. ही कल्पना मुळात उम्याचीच. आजवर तो एकदाही फसला नव्हता. पेला नाकापाशी नेला की खुदकन हसायचा आणि वाटी पालथी घालायचा. तोच माणूस आज तोतया नको म्हणत होता.

मी विम्याचा सर्व्हेअर. जळालेली गोदामं आणि ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक सांगतोय त्यात खरं किती, ते ठरवायचं, यावर माझं घर चालतं. मित्र मला फौजदार म्हणतात. म्हणोत बापडे. माणूस विनाकारण नियम बदलायला लागला की कुठंतरी पाणी मुरत असतं, हे मी पुष्कळ पाहिलेलं आहे.

त्या दिवशी तर नियम बदलायला चांगलंच कारण असू शकत होतं. दोन वर्षांपूर्वी उम्याने कंपनीतली नोकरी सोडली होती आणि स्वतः बिअर करायला लागला होता. एका ओळखीच्याच्या कारखान्यात त्याने एक टाकी भाड्याने घेतली होती. ज्वारीची हलकी बिअर, त्यात धणे आणि मोसंबीची साल, असा त्याचा बेत. पहिला घाणा बिघडला, दुसरा ओतून द्यावा लागला. हा तिसरा. पुण्यात बागेतलं मोठं हॉटेल चालवणाऱ्या वर्तकबाई संध्याकाळी ती चाखायला येणार होत्या. त्यांना आवडली तर वर्षभर त्यांच्याकडे उम्याची बिअर लागणार होती. नाही आवडली तर टाकी सोडायची आणि परत नोकरी शोधायची, असं त्याने शैलावहिनींना कबूल केलं होतं.

आणि वर्तकबाईंना उम्याचं नाव सांगितलं होतं मी. त्यांच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात आग लागली होती, तिच्या सर्व्हेला मी गेलो होतो, तेव्हाची ओळख. "माझा मित्र आहे, बिअर स्वतःच्या हाताने करतो," असं मी सांगून बसलो होतो. मी कुणाची हमी घेत नाही. आयुष्यात एकदा घेतली, ती ही.

"अरे बस की फौजदार, उभा काय राहिलायस पंचनाम्याला आल्यासारखा," रेवण ओरडला. रेवणचे चार ट्रक आहेत आणि आवाजही ट्रकसारखा आहे. त्याच्या शेजारी खळदकर, कॉलेजात इतिहास शिकवतो, आणि आजवर त्याने कुणाला वाईट म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. औरंगजेबालासुद्धा तो हळूच नावं ठेवतो.

मी पाणी प्यायला आत गेलो. उम्या ओट्यापाशी बर्फ फोडत उभा होता. त्याच्या कोपराशेजारी गॅसवर दूध होतं आणि ते करपत होतं. साऱ्या घरात वास भरला होता. उम्या आपला शांतपणे बर्फ फोडत होता.

मागच्या दारातून वहिनी धावत आल्या. "अहो! दूध बघा की! शेजारी उभे आहात ना?"

"हां हां," म्हणत उम्याने घाईघाईने गॅस बंद केला. माझ्याकडे बघून ओशाळं हसला. "लक्ष नव्हतं रे."

"लक्ष कुठं असतं हल्ली कुणास ठाऊक, भाऊजी," वहिनी मला म्हणाल्या. "परवा असंच भाताचं झालं."

ज्याच्या मनात काही खुपत असतं त्याचं लक्ष ठिकाणावर नसतं.

पहिली फेरी पुण्याच्या एका कारखान्याच्या बिअरची झाली. बरी होती. रेवणने सहा दाणे टाकले, खळदकरने सात, मी पाच. उम्याने आमच्या वाट्या उघडताना पाहिल्या आणि मग स्वतःची उघडली. सहा. नेहमी आमच्या आधी वाटी झाकून बसणारा हा माणूस त्या दिवशी सगळ्यांत शेवटी दाणे टाकत होता, आणि टाकताना आमच्या तोंडांकडे बघत होता. परीक्षेत शेजारच्याच्या पेपरात बघणारा मुलगा असाच बघतो.

दुसऱ्या फेरीचे पेले त्याने स्वतः आणले. आणताना त्याची नजर पेल्यांवरून हलत नव्हती, त्यामुळे ही कुणाची ते न सांगताच कळलं. मी पेला नाकाशी नेला. मोसंबी होती, छान होती. धणेही होते, मागे मागे. पण त्या दोन्हींच्या खाली आणखी काहीतरी होतं. घोट घेतला आणि कळलं. लोणी. लोणी कढवायला ठेवलं की पहिला वास येतो, तो. फार नाही, पण होता.

"वास कसा आहे?" उम्याने विचारलं.

"अरे, बोलायचं नाही ना!" खळदकर म्हणाला.

"तसं नव्हे. मोसंबी येतेय का? धणे पुढं येतायत की मोसंबी?"

"झकास येतंय सगळं," रेवण म्हणाला. "च्यायला, स्वर्ग आहे स्वर्ग."

मी उम्याकडे बघत राहिलो. पेला त्याच्या हातात होता. त्याने तो ओठांना लावला, एक घोट घेतला, आणि पुन्हा आमच्याकडे बघायला लागला. मला एकच कळेना. ज्याने ही केली, महिनाभर जिच्या टाकीपाशी राखण केली, तो तिचा वास आम्हाला का विचारतोय? सुगरण बाई पाहुण्यांना आमटीत मीठ आहे का विचारेल, पण आमटी कसली आहे हे कधी विचारेल का?

वाट्या उघडल्या. रेवणचे नऊ, खळदकरचे नऊ. माझे चार. उम्याने स्वतःची वाटी रिकामी ठेवली होती. "करणाऱ्यानं कशाला मत द्यायचं," म्हणाला.

मग माझ्या वाटीकडे बघत राहिला. रेवणने मला कोपराने ढोसलं, "फौजदार, लाज वाटू दे जरा. मित्राची आहे."

"मित्राची आहे हे मला कुणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"चार का?" उम्याने विचारलं.

"नंतर. सगळ्या फेऱ्या झाल्यावर. नियम आहे."

"आत्ता सांग की."

"नंतर."

तोपर्यंत माझ्या डोक्यात सगळी गणितं जुळली होती. टाकी दुसऱ्याच्या कारखान्यात. दोन घाणे वाया गेलेले. तिसरा बिघडला तर सगळं संपलं. आणि शेजारच्या टाकीत दुसऱ्या कुणाची तरी चांगली बिअर तयार. एक पिंप भरून त्यात मोसंबीची साल आणि धणे टाकायला कितीसा वेळ लागतो? तिच्यात मोसंबी कितपत उतरलीय हे त्यालाच ठाऊक नव्हतं, कारण ती त्याची नव्हतीच. म्हणूनच तर तोतया नको. तोतया पकडायला स्वतःची बिअर ओळखता यावी लागते.

वर्तकबाई यायला फार वेळ नव्हता. मी हमी घेतली होती. त्या बाईला उसन्या बिअरवर करार करायला लावायचा आणि पुढच्या महिन्यात तिच्यासमोर तोंड काळं करून उभं राहायचं, हे मला जमणारं नव्हतं.

"तिसरी मी आणतो," मी उठत म्हणालो. "तू बस उम्या, दमलायस."

तो उठणार होता, पण रेवणने त्याला खाली ओढलं.

फ्रिजच्या दारात दुकानातली बाटली होती, रेवणसाठी ठेवलेली, आणि सोडाही होता. उम्याच्या पेल्यात मी अर्धी बिअर, अर्धा सोडा ओतला. बाकीच्यांना तिसऱ्या पिंपातली. पेले वाटताना उम्याला म्हणालो, "तुझ्या पेल्यात तुझीच परत आणलीय. मघाशी नीट प्यायला नव्हतास. नीट पी आणि तूच सांग."

त्याने पेला उचलला. वास घेतला, चांगला लांबलचक घेतला. घोट घेतला. माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या चेहऱ्यावर त्याला काही सापडलं नाही. चेहऱ्यावर काही न दाखवणं हे माझं काम आहे.

"हां," तो म्हणाला. "हीच. मघापेक्षा मोसंबी जरा वर आलीय आता. गारवा कमी झाला की येतेच ती."

त्या पेल्यात मोसंबीचा बापही नव्हता.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला नाही. कुणी पकडला गेला की मला एरवी बरं वाटतं, पोट भरल्यासारखं. त्या वेळी मात्र वाईट वाटलं आणि रागही आला, एकाच वेळी. पस्तीस वर्षांपासूनचा दोस्त माझ्या डोळ्यांत बघून खोटं बोलत होता.

"चल," मी म्हणालो. "मला तुझी अंजिरं दाखव."

"आत्ता?"

"आत्ता."

बागेतल्या हौदापाशी मी थांबलो. पडवीतून रेवणचं हसणं ऐकू येत होतं. मी सरळच विचारलं, "ही बिअर कुणाची आहे?"

"म्हणजे?"

"उम्या, ताकाला जाऊन भांडं लपवू नको. बाई येतील आता. मी शब्द दिलाय त्यांना. ती बिअर तू केलेली नाहीस. कुणाच्या टाकीतनं आणलीस?"

त्याला काय ऐकतोय तेच समजेना. "मीच केलीय," तो म्हणाला. "शप्पथ. ज्वारी मी भिजवली, मोड मी आणले, सगळं मी. टाकीत अजून सगळा घाणा तसाच आहे. बाई हो म्हणाल्या की उद्या पिंपं भरायची. हवं तर चल कारखान्यात."

"मग आत्ता काय प्यायलास?"

त्याने वळून पडवीकडे बघितलं.

"दुकानातली बाटली," मी म्हणालो. "त्यात निम्मा सोडा. आणि तुला त्यात मोसंबी लागली."

उम्या हौदाच्या कठड्यावर बसला. मला वाटलं, आता रडेल किंवा भांडेल. त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. हौदातलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं.

"मला वास येत नाही, सदा," तो म्हणाला. फौजदार नाही, सदा. कॉलेजनंतर पहिल्यांदाच त्याने मला नावाने हाक मारली असेल.

"कसला?"

"कसलाच नाही. दिवे घाटात पडलो तेव्हापासून. डोकं मागनं आपटलं होतं ना. टाके निघाले, सगळं बरं झालं, पण वास गेला तो गेला. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. वर्ष झालं. कडू कळतं, गोड कळतं, आंबट, खारट कळतं. बाकी काही नाही. बिअर म्हणजे मला गार कडू पाणी."

दिवे घाटातल्या अपघाताचा सर्व्हे मीच केला होता. मोटरसायकलचं हँडल वाकलेलं, पुढचा दिवा फुटलेला, पेट्रोलच्या टाकीला पोचा. सगळं टिपून घेतलं होतं मी, आरशाची काचसुद्धा सोडली नव्हती. उम्या तेव्हा डोक्याला पट्टी बांधून शेजारी उभा होता आणि मी त्याला गाडीबद्दल विचारत होतो.

"दूध करपलं ते..." मी म्हणालो.

"तेच ते. शैलाला वाटतं माझं लक्ष नसतं."

"तिला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? नोकरी सोडून बिअर करायला निघालो आणि नाकच गेलं, हे सांगू? ती एक दिवस टाकी ठेवू देणार नाही. आणि वर्तकबाईंना कळलं तर? आंधळ्या न्हाव्याकडनं कोण दाढी करून घेईल?" तो जरासा हसला. "मापं पाठ आहेत मला. तापमान, दिवस, सगळं घड्याळावर करतो. फक्त शेवटी झाली कशी, ते कळत नाही. दोन घाणे असेच गेले. लोकांच्या तोंडाकडं बघून कळलं की बिघडलेत."

"म्हणून आज आम्हाला बोलावलंस."

"तुम्हाला दरवर्षीच बोलावतो. पण हो. आणि तोतया असता तर पहिल्याच घोटाला सापडलो असतो." त्याने तोंड पुसलं. "रेवण नऊ देणार, खळदकर नऊ देणार, हे मला आधीच ठाऊक होतं. त्यांनी गटारातलं पाणीही नऊ दाण्यांचं ठरवलं असतं, माझं म्हटल्यावर. मी तुझ्या वाटीची वाट बघत होतो. आता तरी सांग. चार का?"

"लोण्याचा वास येतो," मी म्हणालो. "कढवलेल्या लोण्याचा. मोसंबी आहे, चांगली आहे, धणे आहेत. पण खाली लोणी आहे."

त्याने मान वर केली. त्याचा चेहरा इतका झरकन बदलला की मी बघतच राहिलो.

"लोणी? आंबट नाही? दह्यासारखं नाही?"

"लोणी."

"नक्की?"

"अरे, माझ्या आईनं आयुष्यभर तूप कढवलं. लोणी म्हणजे लोणी."

"मग बिघडलेली नाहीये ती!" तो उठून उभा राहिला. "घाई केली मी. यीस्टचं काम पुरं व्हायच्या आधी टाकी गार केली. परत जरा उबेत ठेवली की तेच यीस्ट लोणी खाऊन टाकतं. आठवडा लागेल. फक्त आठवडा, सदा!"

तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला.

वर्तकबाई साठीच्या, पांढरे आखूड केस, बोलणं मोजकं. पडवीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "द्या. उशीर झालाय मला."

रेवण आणि खळदकर सावरून बसले. वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. उम्याने यावेळी काचेचा ग्लास आणला, त्यांच्यासमोर ठेवला, पण हात त्यावरून काढला नाही.

"मॅडम, आधी एक सांगतो. आज मी ही तुम्हाला देणार नाही."

वहिनींनी डोळे मिटून घेतले.

"मग मला इथवर कशाला बोलावलंत?" बाईंनी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे जास्त वेळ.

"यात लोण्याचा वास आहे," उम्या म्हणाला. आवाज एकदम शांत. "बारीक आहे, पण आहे. टाकी लवकर गार केली मी. आठवडाभर उबेत ठेवली की जाईल. चाखा हवं तर. पण घ्यायची ती पुढच्या रविवारी घ्या."

"अरे, आम्ही तर नऊ..." रेवणने तोंड उघडलं आणि खळदकरने त्याची मांडी दाबली.

बाईंनी ग्लास नाकाशी नेला. मग घोट घेतला. तोंडात थोडा वेळ ठेवला, गिळला, आणि पुन्हा वास घेतला.

"आहे," त्या म्हणाल्या. "लोणी आहे. मोसंबी मात्र सुंदर." त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि पहिल्यांदा हसल्या. "माझ्याकडे एवढे लोक बिअर घेऊन येतात. स्वतःच्या बिअरमधली खोट मला आधी सांगणारे तुम्ही पहिले. नाक चांगलं आहे हो तुमचं."

"हो," उम्या म्हणाला. "मलाही आजच कळलं."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्या चेहऱ्याचं काय झालं असतं, सांगता येत नाही.

पुढच्या रविवारी परत येते, असं सांगून बाई गेल्या. त्यांना गाडीपर्यंत सोडायला वहिनी आणि बाकीचे दोघं गेले. रेवण वाटेत त्यांना दहा दाण्यांचा नियम समजावून सांगत होता.

पडवीत आम्ही दोघंच उरलो. उम्याने टेबलावरून माझी वाटी उचलली. चार दाणे तिच्यात तसेच पडून होते. माझं मन भरून आलं होतं आणि अशा वेळी काय करायचं असतं ते मला येत नाही. मी तिसऱ्या फेरीसाठी ठेवलेल्या दाण्यांतले पाच-सहा उचलले आणि त्याच्या हातातल्या वाटीत टाकले.

त्याने ते एकेक करून वेचून बाहेर काढले आणि माझ्या तळहातावर परत ठेवले.

"चार म्हणजे चार, फौजदार," तो म्हणाला. "तूही गोड बोलायला लागलास तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

मग उरलेले चार त्याने तोंडात टाकले आणि डोळे मिटून पुष्कळ वेळ चावत राहिला.

"खारट आहेत," तो म्हणाला. "तेवढं कळतं."